सात नंबरचा थर्मामीटर

"चारशे, सर," शकुंतला म्हणाली आणि पटले सरांनी हातातला खडू टेबलावर आपटला.

"चारशे? अवो बाई, दोनशे मिलिलिटर हवा सत्तावीस डिग्रीवरून चोपन्न डिग्रीवर नेली, तर चारशे होते? कशी होते, सांग बरं सगळ्याईले."

"सत्ताविसाची दुप्पट चोपन्न, सर. मंग दोनशेची दुप्पट चारशे."

अकरावीचा अख्खा वर्ग माना डोलवू लागला, कारण सगळ्यांच्याच वहीत चारशे होते. मागे नळाखाली परीक्षानळ्या विसळत उभा असलेला केवळराम कापगते मात्र स्वतःशीच पुटपुटला, "दोनशे त्र्याहत्तर." अगदी हळू पुटपुटला, पण मागच्या बाकाला ते बरोबर ऐकू गेलं आणि पोरं फिदीफिदी हसली. पोरांनी त्याचं नावच पाडलं होतं ते. दोनशे त्र्याहत्तर काका! दरसाल जुलै महिन्यात हे गणित यायचं, दरसाल कोणीतरी चारशे म्हणायचं आणि दरसाल केवळरामच्या तोंडून तो आकडा निसटायचा.

पटले सर फळ्याकडे वळले. "पाहा. सेल्सियसचं शून्य माणसानं आपल्या सोयीनं ठेवलं हाये. पाणी गोठते तिथं. हवेले तुमची सोय काय मालूम? ती खऱ्या शून्यापासून मोजते. म्हणून आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवा. सत्ताविसाचे झाले तीनशे. चोपन्नाचे झाले तीनशे सत्तावीस. आता करा गणित. दोनशे अठरा येते! कुठं चारशे अन् कुठं दोनशे अठरा!" मग हात झटकत ते म्हणाले, "आकडा पाहून भुलू नका रे बाप्पा. आधी विचारा, हा आकडा कोणत्या मापाचा हाये."

केवळरामने नळ जरा मोठा केला. हे वाक्य दहा वर्षं ऐकूनही त्याला ते शेवटपर्यंत ऐकवत नसे.

माणूस तसा साधाच. एकोडीचा, सातवी पास. घरची तीन बांध्यांची धानाची शेती होती, त्यात भागत नव्हतं, म्हणून साकोलीच्या शाळेत घंटा वाजवायला लागला. पंच्याहत्तर साली अकरावी-बारावीचे वर्ग आले, शाळेला प्रयोगशाळा आली, आणि घंटेवाला केवळराम लॅबवाला झाला. काय तो रुबाब होता त्याचा तेव्हा! खाकी शर्टाच्या खिशात फडकं, हातात किल्ल्यांचा जुडगा. नागपूरहून भुशात घातलेले बारा थर्मामीटर आले, ते त्याने एक-एक करून स्वतःच्या हाताने बाहेर काढले आणि प्रत्येकाच्या वरच्या टोकाला लाल रंगाने नंबर टाकले. एक ते बारा.

त्यातला सात नंबर कोणाला मिळत नसे. तो कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला असायचा. पण त्या शनिवारी दोन थर्मामीटर फुटले होते आणि पटले सर सरळ ड्रॉवर उघडून बसले.

"केवळराम, हा तर चांगला हाये. बाजूले काहून ठेवला?"

"त्याचा भरवसा नाही जी."

"पाहू." सरांनी स्टोव्हवर उकळत असलेल्या पाण्यात सात नंबर सोडला आणि शेजारी पाच नंबर सोडला. दोघांचा पारा सरसर चढला आणि एकाच रेघेवर थांबला. "अगदी बरोबर तर हाये. याची काय चूक?"

"त्याची काही चूक नाही जी," केवळराम म्हणाला.

शनिवारची शाळा सकाळची. मुलं गेली, सर गेले. केवळरामने सगळं धुऊनपुसून जागेवर ठेवलं. सात नंबर वर्तमानपत्रात गुंडाळला, तो मात्र ड्रॉवरमध्ये ठेवायचा सोडून शर्टाच्या खिशात घातला. लॅबची वस्तू घरी न्यायची त्याची ही दुसरी वेळ.

पहिली वेळ दहा वर्षांपूर्वीची होती.

साल शहात्तर, दिवस असेच रोवणीचे, धानाची रोपं लावायचे. बांध्याबांध्यांतून बाया वाकलेल्या आणि गाणी चाललेली. त्याची बायको तुळसा रोवणीत सगळ्यांच्या पुढे असायची, हातालाही आणि गळ्यालाही. सहा वर्षांची लेक कुंता घरी कोणाजवळ ठेवायची, म्हणून तिने ती सोबत नेली. दुपारी बांधावर बसून मायलेकींनी बासी भात खाल्ला, रात्रीचा पाणी घातलेला, मीठ-कांद्यासोबत. मग पोरगी चिखलपाण्यात बसून खेळली, म्हणून तुळसा दोनदा ओरडली आणि तिसऱ्यांदा हसली. संध्याकाळी कुंताचं अंग तापलं. दुसऱ्या दिवशी ते अजूनच तापलं.

"हाताले चटका बसून राहिला जी," तुळसा म्हणाली. "पाचच्या यष्टीनं साकोलीच्या दवाखान्यात नेऊ."

"थांब व जरा," केवळराम म्हणाला. "उगाच तिथं जाऊन गर्दीत बसायचं कायले? मी मोजून पाहतो ना."

आणि त्याने खिशातून सात नंबर काढला. तो मुद्दाम घेऊन आला होता. शेजारचे दोघे-तिघे जमले होते, त्यांच्यासमोर त्याने तो पोरीच्या काखेत धरला, घड्याळ नव्हतं म्हणून मनात तीनशेपर्यंत मोजलं आणि काखेतून न काढताच वाकून पाहिलं. दवाखान्यातली नर्सबाई काच झटकून काय म्हणते, ते त्याने कितीदा ऐकलं होतं. एकशे दोन. एकशे तीन. शंभराच्या आत असलं की ती म्हणायची, काही नाही, घरी जा. म्हणजे शंभर ही हद्द. आणि सात नंबरचा पारा थांबला होता चाळीसवर.

"चाळीस!" केवळराम आनंदाने ओरडला. अहो, खरंच आनंदाने ओरडला तो! "फक्त चाळीस हाये! शंभर तर लय दूर. ताप-गीप काही नाही, उनाची झळ हाये."

"पण माह्या हाताले..."

"तुह्या हातापेक्षा ही काच खोटी हाये काय व? नागपूरवरून आलेली हाये!"

शेजारचे हसले. तुळसाने पोरीच्या कपाळावरचा हात मागे घेतला. पाचची एसटी भोंगा वाजवत गावावरून निघून गेली, ती त्या सगळ्यांनी ऐकली.

केवळरामने नंतर आणखी दोनदा मोजलं. साडेएकोणचाळीस. पुन्हा चाळीस. आणि दोन्ही वेळा तो निश्चिंत झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे कुंताला झटके आले, डोळे पांढरे झाले. बैलगाडी जुंपून साकोलीला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला, एक दिवस आधी आणायला पाहिजे होती.

गावाला कारण लागतंच. बाया म्हणाल्या, बासी खाऊ घातलं, चिखलात बसवलं, पोरगी जाणार नाही तर काय! तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण तुळसाच्या कानापर्यंत ते आलंच. तिने एका शब्दाने नाकारलं नाही. उलट तिने ते धरून ठेवलं. "माह्या हातानं गेली," एवढंच ती म्हणायची. त्या सालापासून ती रोवणीला गेली नाही. गाणं तर गेलंच. घरात भात उरला की तो रात्रीच गायीच्या पुढ्यात जायचा, सकाळी बासीचा एक दाणा घरात सापडायचा नाही. आणि लेकरांना ती हात लावत नसे. कोणाचं बाळ कोणी मांडीवर द्यायला आलं की तिला लगेच चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

आता केवळरामचं ऐका. पोळा झाला, शाळा नेहमीसारखी सुरू होती. तो फळा पुसायला वर्गात उभा होता आणि पटले सर तापमानाची मापं शिकवत होते. सरांनी दोन काचा काढल्या, शेजारी शेजारी. एकीत पाणी गोठतं शून्याला, दुसरीत बत्तिसाला. एकीत उकळतं शंभराला, दुसरीत दोनशे बाराला. "अन् माणसाचं अंग," सर म्हणाले, "आपल्या लॅबच्या काचेत सदतीस. दवाखान्यातल्या काचेत अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. आंग तेच, आकडा वेगळा."

मुलं गेल्यावर केवळरामने खडू उचलला. नऊने गुणा, पाचने भागा, बत्तीस मिळवा. चाळीस नवे तीनशे साठ. भागिले पाच, बहात्तर. बहात्तर आणि बत्तीस.

एकशे चार.

चुकलं असेल म्हणून त्याने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. सातवी पास माणसाचं गणित, पण तिन्ही वेळा बरोबर. मग त्याने फळा पुसला, इतका पुसला की बाहेरून पटले सरांनी विचारलं, "केवळराम, काय झालं रे?"

"काही नाही जी. अ‍ॅसिडचा वास डोळ्याले लागला."

त्या दिवशी साकोली ते एकोडी सायकल दामटताना तो ठरवत आला होता की सांगायचं, दारातच सांगायचं. दारात तुळसा सूप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आज दोन महिने झाले जी. माह्या हातानं गेली." आणि केवळराम म्हणाला, "असं नको म्हणू व." बस, तेवढंच. भ्यायला होता तो. ती मारेल, सोडून जाईल, याला नव्हता भ्यायला. ती मान वर करून आपल्याकडे पाहील, त्याला भ्यायला होता. मग एक दिवस गेला, मग एक साल गेलं, आणि जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. अशी दहा वर्षं त्याने बायकोला आपलं ओझं वाहू दिलं. कपाळकरंटा, दुसरं काय म्हणावं!

आज घरी पोचला तेव्हा ऊन-पाऊस सोबतच चालले होते. छपरीत सायकल लावता लावता त्याला आत ट्रंकेची कडी वाजल्याचं ऐकू आलं. सून निर्मला कपडे भरत होती. मुलगा परसराम वरठीला कारखान्यात लागला होता, दर रविवारी यायचा. निर्मला माहेरी बाळंत झाली, पाच महिने राहिली, आणि पंधरा दिवसांपूर्वी लेक घेऊन सासरी आली होती.

"हे काय व बाई?"

निर्मलाने पदर सावरला. डोळे लाल होते. "सकाऊन हे येतील जी, मामाजी. मी त्याईच्यासोबत वरठीले जाईन. खोली पाहून ठेवली हाये त्याईनं."

"इतक्यात कायले? लेकरू लहान हाये. तिथं कोण हाये तुले?"

"इथं तरी कोण हाये?" ती एकदम बोलून गेली, आणि एकदा बोलल्यावर थांबली नाही. "पोरगी झाली ना मले. म्हणून आत्याबाईले नको हाये ती. पंधरा दिवसांत एकदा तरी उचललं काय, सांगा? मांजरीच्या पिलाले हात लावतेत, माह्या लेकराले लावत नाहीत. पाहा तिकडे, दोरीनं हालवून राहिल्या."

केवळरामने पाहिलं. ते तो रोजच पाहत होता. माजघरात आढ्याला पाळणा बांधला होता आणि पाळण्याला तुळसाने दोरी बांधली होती, चांगली सात-आठ हात लांब. त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ती दोरी ओढायची. पाळणा हलायचा. बाळ रडलं की दोरी जोरात ओढायची आणि तिथूनच हाक मारायची, "निर्मला, छकुली रडून राहिली व!" लोकांना वाटावं काय, आणि या बाईच्या मनात काय!

"तसं नाही व बाई," केवळराम म्हणाला.

"मंग कसं हाये?"

निर्मलाने ट्रंकेचं झाकण लावलं आणि घागर घेऊन विहिरीवर निघून गेली. एकदा ही पोरगी असं मनात धरून वरठीला गेली की परत यायची नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. कुंता गेली ती गेली. आता ही छकुलीही जाईल, आणि तुळसा म्हणेल, माह्या हातानंच गेली. आणि आपण म्हणू, असं नको म्हणू व.

तो आत गेला आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर बसला, तुळसाच्या समोर. खिशातून पुडकं काढलं, वर्तमानपत्र सोडलं आणि सात नंबर दोघांच्या मधोमध ठेवला.

तुळसाने दोरी ओढायची थांबवली. दहा वर्षांनी पाहिला तरी तिने तो ओळखला. "हे कायले आणलं जी घरात?"

"तुले एक सांगतो. मधात बोलू नको. मधात बोलली तर माह्यानं सांगणं होणार नाही."

तुळसाने दोरी हातातून सोडली.

"धान असते. पायलीनं मोजलं तर एक आकडा येते. किलोनं मोजलं तर दुसरा येते. धान तेवढंच असते. खरं का नाही?"

"हो."

"तशा या काचा हायेत. दवाखान्यातली वेगळ्या मापाची, ही वेगळ्या मापाची. दवाखान्याच्या काचेत शंभर म्हणजे ताप. या काचेत शंभर म्हणजे पाणी उकळते. माणूस तिथवर पोचतच नाही. या काचेत चांगल्या माणसाचं आंग सदतीस." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मले मालूम नव्हतं, तुळसा. मी या काचेत पाहिलं अन् मनात दवाखान्याचं माप धरलं. चाळीस पाहिले अन् म्हटलं, शंभर लय दूर हाये."

"मंग चाळीस म्हणजे किती होते?"

"एकशे चार."

पाळण्यात छकुली हुंकारली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. तुळसा त्या काचेकडे पाहत राहिली.

"तू म्हणत होती, चटका बसते. पाचच्या यष्टीनं नेऊ म्हणत होती," केवळराम म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला. "तुहा हात बरोबर होता व. बासीनं नाही गेली ती. चिखलानं नाही गेली. तुह्या हाताले कळलं होतं अन् मी तो चार माणसाईत बाजूले काढाले लावला. माह्या हातानं गेली ती, तुह्या नाही."

तुळसाने स्वतःचा उजवा हात उचलला आणि उलटा-सुलटा करून पाहिला. मग विचारलं, "तुमाले कवा मालूम झालं?"

खोटं सांगता आलं असतं. काल कळलं, आज सरांनी सांगितलं, काहीही. सायकलवर सगळा रस्ता तो त्याच विचारात होता. पण तिने मान वर केली होती आणि त्याच्याकडे पाहत होती, ज्याला तो दहा वर्षं भ्यायला होता ते पाहणं.

"त्याच साली. पोळ्यानंतर."

"दहा साल झाले."

"हो."

ती रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं केवळरामला वाटलं. ती अगदी सावकाश म्हणाली, "दहा साल मी बासी भात गायीले घातला."

केवळरामने सात नंबर उचलून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

तुळसा उठली. रांजणाजवळ गेली, दोन्ही हात धुतले, पदराला पुसले. मग आठ हात चालत पाळण्यापर्यंत आली आणि छकुलीच्या कपाळावर तळहात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही कितीतरी वेळ. पोरीने डोळे किलकिले करून त्या नव्या माणसाकडे पाहिलं आणि रडायचं की नाही ते ठरेना, म्हणून नुसतीच पाहत राहिली. दारात निर्मला पाण्याची घागर कमरेवर घेऊन उभी होती, कधीची उभी होती कोण जाणे.

"आंग चांगलं हाये इचं," तुळसा म्हणाली. तिने पोरीला उचलून खांद्याला लावलं. "भुकेजली हाये. घे इले, पाज. अन् ते ट्रंक उघड. एवढ्या पाण्यापावसात लेकरू घेऊन कोणी जाते काय?"

निर्मलाने घागर खाली ठेवली. हुंदका आवरत ती म्हणाली, "आत्याबाई, मी तुमाले..."

"राहू दे. तुले कोणी सांगितलंच नव्हतं तर तू काय करशील." हे ती निर्मलाकडे पाहून म्हणाली. पण ऐकायचं कोणी होतं, ते केवळरामला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसराम आला तेव्हा ट्रंक फळीवर गेली होती आणि पाळण्याची दोरी सोडून, गुंडाळून खुंटीला अडकवलेली होती. त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि शहाणा मुलगा होता, काही विचारलं नाही. चुलीजवळ पातेल्यात रात्रीचा भात होता, पाणी घातलेला. तुळसाने तीन ताटं वाढली, मीठ घातलं, कांदा फोडला. चौथं ताट केवळरामपुढे ठेवलं. रोज ती म्हणायची, "जेवा जी." आज म्हणाली नाही. त्याने खाली मान घालून एक-एक दाणा खाल्ला. भात थंडगार होता.

जेवण झाल्यावर तुळसाने लुगडं वर खोचलं आणि कोपऱ्यातलं जुनं मोरं डोक्यावर घेतलं, पावसात रोवणीला जाताना बाया घेतात ते. दहा वर्षांत त्याच्या कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या. दारात ती थांबली, पण मागे वळली नाही.

"ते काच शाळेत नेऊन ठेवा. घरात नको."

त्या दिवशी ती त्याच्याशी एवढंच बोलली. संध्याकाळी चिखलाने माखलेले पाय घेऊन आली आणि धुऊन सरळ छकुलीकडे गेली. तिने गाणं म्हटलं की नाही, हे विचारायची केवळरामची हिंमत झाली नाही. निर्मलाला विचारावंसं वाटलं, तेही विचारलं नाही.

सोमवारी प्रात्यक्षिक होतं. केवळरामने फळीवर थर्मामीटर मांडले आणि सहाच्या शेजारी, त्याच्या जागेवर, सात नंबर ठेवला. मुलं झुंबड करून आली. सात नंबर नेमका शकुंतलाच्या हाताला लागला. तिने वरचा लाल आकडा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. पोरांमध्ये या सात नंबरच्या गोष्टी होत्याच, की तो खोटा आहे, की तो भुताचा आहे.

"काका, हा बरोबर आकडा दाखवते ना जी?"

"बरोबर दाखवते, बाई," केवळराम म्हणाला. "पहिल्यापासून बरोबर दाखवते."

तो वळून नळाकडे गेला आणि परीक्षानळ्या विसळू लागला. मागे शकुंतलाने थर्मामीटर चंचुपात्रातल्या पाण्यात धरला, डोळा रेघेजवळ नेला आणि वहीत अठ्ठावीस लिहिलं. पुढे जाता जाता ती थांबली, आणि त्याच अठ्ठाविसाच्या खाली अधिकचं चिन्ह काढून तिने दोनशे त्र्याहत्तर मांडले.